वहिनींच्या सासऱ्यांची बांगडी

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षर तर माझं कोंबडीच्या पायांसारखंच आहे, त्याची माफी आधीच मागून ठेवते. चौथीनंतर पाटी सुटली आणि मी मेंढरांमागे गेले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलंच नाही. पण एक गोष्ट मी नीट विचार करून लिहिते आहे. अख्ख्या कलकत्त्यात परक्या माणसांचे सगळ्यांत जास्त हात जर कुणी धरले असतील तर ते आमच्या वहिनींच्या सासऱ्यांनी. पुढाऱ्यांनीही इतके धरले नसतील. आणि पुढारी हात सोडतो तरी. हे धरलेला हात उलटासुलटा करायचे, मनगट दाबून बघायचे, पाची बोटं एकत्र मिटवायला लावायचे आणि खिशातून एक पितळी बांगडी काढून ती त्या मिटलेल्या बोटांवरून सरकवायला बघायचे. बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडली की सुस्कारा सोडून म्हणायचे, "नाही. तुझा हात मेंढीत जाणार नाही." ज्याचा हात धरलेला असायचा त्याला मराठी येत नसायचं, हीच काय ती देवाची कृपा.

वहिनी म्हणजे मी ज्यांच्याकडे दोन्ही वेळच्या पोळ्या-भाजीला जाते त्या. साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बदली होऊन बराकपूरला आलेले. आमचे हे तिथल्याच बाजारात गलाईच्या दुकानात सोनं-चांदी गाळतात. आटपाडीकडची आमची निम्मी माणसं याच कामापायी देशभर पांगली आहेत. वहिनींचे सासरे सरकारात जनावरांचे डॉक्टर होते. पस्तीस वर्षांत गाई-म्हशी किती तपासल्या ते विचारलं तर "तपासल्या असतील" म्हणायचे, पण मेंढीचं नाव काढा, की चहा गार व्हायचा. त्यातही मेंढीचा ताप, मेंढीची लोकर यांत त्यांना गोडी नव्हती. अडलेली मेंढी कशी सोडवायची, आई आणि पिलू दोन्ही कशी वाचवायची, हा एकच विषय. मी त्यांना काका म्हणते. त्यांची बायको, म्हणजे काकू, गेल्यावर ते मुलाकडे आले ते दोन धोतरं, एक कात्री आणि ती बांगडी घेऊन. बराकपूर म्हणजे लष्कराची छावणी, गंगेचा काठ आणि सियालदाच्या गाड्या. इथे मेंढीचा काय संबंध, असं मी एकदा धीर करून विचारलं. मी कुणाला काही विचारत नाही सहसा, पण त्यांना विचारता यायचं. तर म्हणाले, "अगं, मेंढी काय, कधीही अडते. हात आधी बघून ठेवावा लागतो."

आता बंगाली माणसाला, कुणी आपला हात हातात घेऊन टक लावून बघतंय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? महिन्याभरात सगळ्या बिल्डिंगमध्ये झालं, की महाराष्ट्रातून मोठे ज्योतिषी आलेत, पैसे घेत नाहीत. समोरच्या फ्लॅटमधले चार अंगठ्या घालणारे आजोबा एके दिवशी आपल्या भाचीला घेऊन आले, सोबत संदेश मिठाईचा खोका. पोरगी अगदी नाजूक. काकांनी तिचा हात धरला, बांगडी सरकवली आणि ती कुठेही न अडता मनगटापर्यंत गेली. काकांचा चेहरा असा फुलला, की आजोबांनी देवाला हात जोडले. "शादी कब होगी?" आजोबांनी विचारलं. काका म्हणाले, "शादी का मालूम नहीं. लेकिन बहुत काम का हाथ है, पहली बार में दोनों पैर पकड़ लेगी." आजोबांनी याचा अर्थ काय लावला ते तेच जाणोत. पण त्याच महिन्यात त्या पोरीचं लग्न ठरलं, आणि पुढे तीन आठवडे आमच्या दारात चपलांची रांग लागली. मला मेला रोज वीस कप चहा जास्त. वहिनी रडकुंडीला आलेल्या, साहेब ऑफिसातून उशिरा यायला लागलेले, आणि काका मात्र एकेक हात बघून मान हलवत होते, "फुकट. सगळे हात फुकट चाललेत इथे."

नखांचं तर विचारू नका. जेवायला बसताना ते आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, एकदा नाही, तीनदा, नखांत ब्रश घालून, आणि मग पुसायचे नाहीत. दोन्ही हात वर धरून पाणी गाळत बाथरूमपासून टेबलापर्यंत यायचे. एकदा दार उघडं होतं आणि दूधवाल्याने त्यांना तसं बघितलं, हात वर केलेला म्हातारा. बिचाऱ्याला वाटलं घरात दरोडा पडलाय, तो दूध तिथेच टाकून खाली पळाला. वहिनींनी एकदा पार्लरमधून नखं लांब करून आणली होती, गुलाबी, टोकाला चकचक. काकांनी आमटीचा भुरका अर्धवट सोडून त्यांच्याकडे बघितलं. "सूनबाई, या नखांनी गर्भाची पिशवी टरकन फाटेल." वहिनी ताटावरून उठल्या. काकांना कळेना काय चुकलं. मला हळूच म्हणाले, "खरं तेच सांगितलं ना?"

घड्याळही त्यांचं मेंढीचंच होतं. पाण्याची पिशवी फुटल्यावर तासभर वाट बघायची, तेवढ्यात काही पुढे सरकलं नाही तर स्वच्छ हाताने आत बघायचं, हा त्यांचा नियम. त्याच्या आधी हात घालायचा नाही आणि त्याच्यानंतर थांबायचं नाही. हा नियम ते लिफ्टला लावायचे, कुकरला लावायचे, साहेबांच्या फोनला लावायचे. एका सरकारी खिडकीपुढे ते असेच घड्याळ बघत उभे होते, म्हणे. तास झाला, आतला माणूस पेपर वाचतोय. काकांनी बाह्या सरसावल्या, खिडकीच्या भोकातून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आपला फॉर्म स्वतः ओढून बाहेर काढला. वर त्या माणसाला सांगितलं, "ज्यादा देर करने से दोनों मरते हैं." दुर्गापूजेत वहिनींनी त्यांना मंडप बघायला नेलं, तर देवीकडे, रोषणाईकडे ढुंकूनही न बघता हे रेड्यापाशी वाकून बसले आणि मूर्तिकाराचं नाव विचारायला लागले. रेड्याचा मागचा पाय त्याने पुढच्या पायासारखा वाकवला होता.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर काकांना नदीकाठी फिरताना मासी भेटली.

मासी म्हणजे घाटाच्या पलीकडे पत्र्याच्या झोपडीत राहणारी एकटी बंगाली बाई. सहा मेंढ्या हेच तिचं सगळं. तिकडच्या मेंढ्या आपल्याकडच्यासारख्या नसतात, गुडघ्याएवढ्या बुटक्या असतात, पण एकेका वेळेला दोन-दोन, तीन-तीन पिलं देतात, आणि पिलं चिमुकली म्हणून बाळंतपणही बहुतेक सोपं जातं. पण मासीला वाटलं, पिलं मोठी झाली तर भाव चांगला येईल. म्हणून तिने हावड्याकडच्या एका व्यापाऱ्याचा वासराएवढा मेंढा महिनाभर आणून ठेवला होता. काकांनी हे ऐकलं मात्र, मटकन घाटाच्या पायरीवर बसले. मी भाजी घेऊन चालले होते, मला हाक मारून म्हणाले, "सांग हिला, हिने कपात नारळ घातलाय. आता तो बाहेर कसा काढणार?" मी माझ्या मोडक्या बंगालीत जमेल तसं सांगितलं. मासी हसली. म्हणाली, "डाक्तारबाबू भितात फार."

पौष लागला आणि पहिली मेंढी अडली. मासीने दोन शेजाऱ्यांना बोलावलं, त्यांनी पिलाच्या पायाला दोरी बांधून जोर लावला. पिलू गेलं आणि तासाभराने मेंढीही गेली. काका पोचले तेव्हा मासी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काका तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. नुसते जवळ बसून राहिले.

मासीने मग धसकाच घेतला. उरलेल्या पाचही तशाच मरणार, मेलेल्या मेंढीचे कोण पैसे देणार, त्यापेक्षा जिवंत आहेत तोवर विकाव्यात, म्हणून तिने कसायाकडून विसार घेतला, नऊ हजार. त्यातून झोपडीचं छप्पर दुरुस्त करून घेतलं. आठ दिवसांनी कसाई मेंढ्या न्यायला येणार होता. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "पोरी, पोळ्यांच्या डब्यात पैसे मावतील का?" त्यांनी पेन्शनमधून नऊ हजार काढले होते. सूनबाईला कळता कामा नये, कारण ज्योतिषाच्या प्रकरणापासून त्यांचे व्यवहार घरात जरा संशयाने बघितले जायचे. मी पोळ्यांच्या फडक्याखाली ते घालून नेले. मासी आधी घेईना. "मी भीक घेत नाही, बोउमा," म्हणाली; बोउमा म्हणजे सूनबाई, ती मला तसंच म्हणायची. मी येऊन सांगितलं. काका म्हणाले, "भीक कोण देतंय? तिला सांग, कसायाला विसार परत कर. मेंढ्या तुझ्याकडेच राहू देत. पिलं मोठी झाली, विकलीस, की फेड. एक पैसा सोडणार नाही मी." तेव्हा कुठे तिने घेतले.

पैसे दिले, पण मेंढ्या वाचवायच्या कुणी? इथे काकांचं खरं दुखणं होतं. त्यांचे स्वतःचे हात म्हणजे दोन फावडी. डोक्यात सगळी विद्या, आणि बुटक्या मेंढीत त्यांची चार बोटंसुद्धा जाणार नाहीत. मी पीठ चाळत असताना मला एकदा म्हणाले होते, "नोकरी लागली तेव्हा याच हातांनी मी तीन मेंढ्या फाडल्या. वाचवायला गेलो आणि फाडल्या." पुढे जिल्ह्यात फिरताना काकू त्यांच्याबरोबर जायच्या. काका बाहेरून सांगायचे आणि काकूंचा हात आत. बांगडी काकूंची होती, हे मला तेव्हा समजलं.

माझा हात त्यांनी कधी बघितला नव्हता, कारण तो सदा कणकेत. कसायाला विसार परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची ती बांगडी खिशातून पिठाच्या डब्यात पडली. मी पिठात हात घालून चाचपलं आणि हात वर काढला तर बांगडी कोपराच्या जवळ. काका दारातच उभे होते. बशी हातातून पडली, फुटली, ते तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. "वर्षभर," ते म्हणाले, "वर्षभर मी गावभर हात धरत फिरलो आणि तू इथे पोळ्या लाटत होतीस!"

मी नाही म्हटलं. स्पष्ट नाही. त्याचं कारण मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही. मी आठ वर्षांची असताना बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक मेंढी अडली. माझा हात लहान म्हणून मलाच घालायला लावला. जे हाताला लागलं ते मी धरून ओढलं, जीव खाऊन ओढलं. आईची आवडती होती ती मेंढी. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते पाटावर बसले आणि म्हणाले, "तुला कुणी शिकवलं नव्हतं. मला तर कॉलेजात शिकवलं होतं." मग एकदम उठून त्यांनी वहिनींची बाजाराची कापडी पिशवी घेतली, तिचं तोंड नाडीने आवळलं, आत दोन पळ्या आणि एक नारळ घातला. "डोळे मिट. हात साबणाने बुळबुळीत कर. बोटं चाफ्याच्या कळीसारखी मिटून घाल. सांग, काय लागतंय?"

अशी माझी पाचवी सुरू झाली. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे मी डोळे मिटून पिशवीत हात घालायची. पळ्या म्हणजे पिलाचे पुढचे पाय, नारळ म्हणजे डोकं. "दोन पळ्या आणि त्यांवर नारळ, म्हणजे सगळं ठीक. हात काढ, मेंढीला तिचं काम करू दे. एकच पळी आणि नारळ, तर दुसरी पळी शोध. दोन पळ्या आणि नारळ नाही, तर ओढलंस की मारलंस. आधी मागे ढकल, मेंढी कळ देत नसेल तेव्हा, मग नारळ फिरवून आण." पाय पुढचे की मागचे हे अंधारात कसं ओळखायचं? पुढच्या पायाचे दोन्ही सांधे एकाच बाजूला वाकतात, मागच्याचे उलटसुलट. हे दाखवायला काका हॉलच्या गालिच्यावर चारी पायांवर उभे राहिले आणि मी त्यांचं कोपर चाचपत होते, तेवढ्यात वहिनी मॅनेजरांच्या बायकोला घेऊन आत आल्या. वहिनी तिला "आमचे बाबा योगासनं करतात" म्हणाल्या. ती बाई म्हणाली, "आणि ह्या?" वहिनी म्हणाल्या, "ह्या शिकवतात." त्यानंतर ती बाई मला दोनदा योगाची फी विचारून गेली.

चहाच्या पातेल्यात काकांनी परकराच्या नव्या नाड्या उकळून ठेवल्या, पिलाच्या पायाला अडकवायला, म्हणजे पाय हरवणार नाहीत. वहिनींनी त्या पातेल्यातला चहा पाहुण्यांना दिला. चहा चांगला झाला होता म्हणे.

पहिल्या दोन मेंढ्या सुखरूप व्याल्या. त्या वेळी माझं काम एवढंच होतं, की मासीला आवरून धरायचं. ती दर पाच मिनिटांनी ओढायला धावायची आणि काका घड्याळ नाचवत ओरडायचे, "थांब म्हणावं तिला! अजून वीस मिनिटं आहेत!" पिलू बाहेर आलं, की नाकातला चिकटा पुसायचा, काडीने नाकात गुदगुल्या करायच्या, कोरडं करायचं, नाळेला औषध लावायचं आणि तासाभराच्या आत आईचा चीक पोटात गेलाच पाहिजे. हे सगळं काका लांबून, मराठीत, मोठ्या आवाजात सांगायचे. मासीने त्यातलं निम्मं न कळताच बरोबर केलं.

तिसरी अडली ती नेमकी संक्रांतीला.

वहिनींकडे हळदीकुंकू होतं. बेहाल्याच्या, हावड्याच्या, कुठून कुठून मराठी बायका आलेल्या, सगळ्या काळ्या साड्यांत, दागिने घालून. इथे आपली माणसं वर्षातून अशी दोन-तीनदाच एकत्र दिसतात, त्यामुळे वहिनी आठ दिवस त्याच तयारीत. वाण म्हणून काय लुटायचं असा प्रश्न निघाला तेव्हा काकांनी नखं कापायची यंत्रं सुचवली होती. वहिनींनी स्टीलच्या वाट्या आणल्या. मी तिळगुळाचं तबक फिरवत होते, नव्या हिरव्या बांगड्या घालून. काका सकाळपासून मासीकडेच होते, घर त्यामुळे शांत होतं. आणि खाली टोटो, म्हणजे इथली बॅटरीची रिक्षा, थांबल्याचा आवाज आला. काका आत आले ते अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत, अंगाला चिखल.

"पाय आलेत, डोकं नाही," ते म्हणाले. "चल."

एकीने हळूच विचारलं, "कुणाची डिलिव्हरी आहे?"

"मेंढीची," काका म्हणाले.

"बाबा," वहिनी दबक्या आवाजात, "बायका बसल्यात. पाच मिनिटं."

"मेंढीला सांगून येऊ का, पाच मिनिटं थांब म्हणून? तास उलटून गेला, सूनबाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि बांगड्या काढ."

आता काय सांगू. संक्रांतीचा दिवस, हळदीकुंकवाला बसलेल्या पंधरा सवाष्णी, आणि त्यांच्यामधे उभं राहून एक म्हातारा भरल्या हाताच्या बाईला सांगतोय, बांगड्या काढ. बेहाल्याच्या आजी हातातलं फूल टाकून उठल्या. "अहो, काय बोलता हे? आजच्या दिवशी सवाष्णीचे हात रिकामे करायचे?"

"काच आत फुटली तर मेंढी मरेल," काका म्हणाले.

"मग हिच्या नवऱ्याचं काय?"

"त्याला काय झालंय? तो दुकानात सोनं गाळतोय."

एकीकडे मासीची मेंढी, दुसरीकडे आमचे हे. खोटं कशाला लिहू, माझा हात हलेना. तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. ज्या वहिनी वर्षभर सासऱ्यांपायी शरमेने अर्ध्या झाल्या होत्या, त्या. त्यांनी तबकातला हळदीचा दोरा उचलला, माझ्या उजव्या दंडाला बांधला आणि म्हणाल्या, "हात रिकामा नाही आता. डाव्या राहू देत, उजव्या माझ्याकडे दे. मी घालून बसते तू येईपर्यंत." आणि त्या घालायला गेल्या, तर त्यांच्या हातात त्या जाईनात. शेवटी पदरात घेऊन बसल्या. मागून बेहाल्याच्या आजी म्हणाल्या, "आणि माझ्या वाट्याचा तिळगूळ त्या मेंढीला द्या हो." ते चिडून की मायेने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मासीच्या दारात ऊन होतं. मेंढी आडवी पडली होती, जीभ बाहेर, दोन खूर दिसत होते. मासी भिंतीशी बसून नुसती बघत होती; ओढायलासुद्धा उठली नव्हती. मी कोपराच्या वर हात धुतले, साबण चोपडला, नाड्या खुरांना अडकवल्या आणि हात आत घातला. काका पाठ करून बसले. पस्तीस वर्षांचे डॉक्टर, पण त्यांना बघवत नव्हतं. पाठमोरेच विचारत होते.

"काय लागतंय?"

"पळ्या. दोन्ही."

"सांधे?"

"एकाच बाजूला."

"शाब्बास. पुढचेच. नारळ?"

"नाही... काका, नारळ नाही. मान लागते. कान लागला!"

"कान धरून ओढू नकोस. ढकल मागे. कळ येऊ दे, जाऊ दे, मग ढकल."

कळ आली तेव्हा माझा हात चिमट्यात सापडल्यासारखा झाला. मला बापूंची मेंढी आठवली, आणि खरं सांगते, ओढावंसं वाटलं. ओढलं नाही. कळ सरली, मी पिलू मागे सारलं, बोटं गालावरून जबड्याखाली नेली आणि डोकं फिरवलं. ते फिरलं. "आला! काका, नारळ आला!" मी ओरडले. मी ओरडू शकते हे मला तेव्हाच कळलं. मासी ताडकन उठली आणि झोपडीतून खराच नारळ घेऊन आली, डॉक्टरबाबू एवढ्या वेळापासून मागताहेत म्हणून. काकांनी तो पाठमोऱ्यानेच घेतला आणि शेवटपर्यंत मांडीत धरून ठेवला. "आता मेंढीबरोबर ओढ. ती जोर करेल तेव्हा तूही कर, ती थांबेल तेव्हा तूही थांब. खाली, तिच्या टाचांकडे."

पिलू बाहेर आलं ते मोठं, ओलं, निपचित. मासीने काडी घातली नाकात. ते शिंकलं. मग मेंढीने मान उचलून त्याच्याकडे बघितलं आणि हुंकारली. काका तेव्हा आमच्याकडे वळले. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चीक पाजा," आणि साबण शोधायला लागले, स्वतःचे कोरडे, स्वच्छ हात धुवायला.

बाकीच्या दोन्ही वाचल्या. शेवटच्या मेंढीचं पिलू मात्र आतच गेलेलं होतं. ते मी काढलं आणि काका दोन दिवस कुणाचाच हात न बघता बसून राहिले. पण पाचही मेंढ्या उभ्या होत्या, आणि भोवती सहा पिलं. काकांनी मासीकडून माझ्यामार्फत कबूल करून घेतलं, की पुढच्या खेपेला तिकडचाच बुटका मेंढा, आणि गाभणपणाच्या पाच महिन्यांतल्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला उपाशी ठेवायचं नाही आणि धान्य कोंबायचंही नाही. मासी दर आठवड्याला थोडे-थोडे पैसे द्यायची, लेंडीखताचे, शेण्यांचे साठलेले. ते घ्यायला काका स्वतः जायचे, आणि दोनशे रुपये घ्यायला तीन तास लावायचे. भाषा एकाची एकाला येत नव्हती. ते मेंढी दाखवायचे, ती मेंढी दाखवायची, दोघं चहा प्यायची. वहिनी मला विचारायच्या, "बाबा कुठे असतात गं?" मी म्हणायची, "फिरायला." वहिनी हसून म्हणायच्या, "बरं. पोळ्यांचा डबा नीट घासत जा मात्र, त्याला नोटांचा वास येतो."

बकरी ईदच्या आधी मासीने तीन नर विकले, चांगल्या भावाला. त्याच आठवड्यात साहेबांची बदली आली. बँकेत असंच असतं, तीन वर्षं झाली की खोकी भरायची. हॉलमधे सगळी खोकीच खोकी असताना दार वाजलं. मासी होती. धुतलेली पांढरी साडी, डोक्यावर पदर, पायऱ्या चढून धापा टाकत. आजवर कधी बिल्डिंगमध्ये आली नव्हती. कनवटीची गाठ सोडून तिने नोटा काढल्या. चार हजार शंभर. काकांनी खोक्यावर बसून दोनदा मोजल्या. मला म्हणाले, "सांग तिला, पूर्ण मिळाले. नऊ हजार झाले." मी सांगितलं. मासीने मान हलवली, काकांना नमस्कार केला. काही बोलायचं असावं तिला, काकांनाही असावं, पण मधे फक्त मी होते, आणि मला दोघांपैकी कुणीच काही सांगायला दिलं नाही. वहिनींनी तिला पाणी दिलं, तिळाची वडी दिली. ती गेली.

काका बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली मासी रस्ता ओलांडून घाटाकडे चालली होती, मागे न बघता. नोटा अजून त्यांच्या हातातच होत्या. ती वळणावर दिसेनाशी झाली, तरी ते तिकडेच बघत होते.

"शंभराची एक नोट तरी बाकी ठेवायची होती तिने," ते म्हणाले.